खांद्यापर्यंत हात

आमच्या कॉलनीच्या गृहनिर्माण संस्थेची सभा गेल्या महिन्यात झाली. मी तिचा खजिनदार. विषयपत्रिकेवर अकरा विषय होते आणि चहा येण्याच्या आत अकराही मंजूर झाले. अध्यक्षांनी "कुणाला काही बोलायचंय?" असं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता ते उठले. जिन्यात मात्र सगळ्यांना कंठ फुटला. एक जण पाण्याच्या टाकीबद्दल बोलत होता, दुसरा गच्चीच्या गळतीबद्दल, आणि अध्यक्षांच्या मेव्हण्याला दिलेल्या रंगकामाबद्दल तर जवळजवळ सगळेच.

घरी आलो तर बायको म्हणाली, "इतक्यात आलात?"

मी म्हटलं, "आप्पाराव असते तर अजून तिथंच बसलो असतो."

"कोण आप्पाराव?"

इतकी वर्षं संसार झाला आणि या माणसाबद्दल मी तिला कधी सांगितलंच नव्हतं. म्हणून हे लिहून काढतो आहे.

बहात्तरचा दुष्काळ सरल्यावर मला मानवतच्या बाजूला एका सहकारी जिनिंग संस्थेत कारकुनाची नोकरी लागली. माझं गाव वालूर. शेतकऱ्यांचा कापूस बैलगाड्यांतून संस्थेच्या आवारात यायचा, वजन होऊन त्याच्या मोठाल्या गंज्या लागायच्या, मग यंत्रावर रुई आणि सरकी वेगळी व्हायची आणि रुईच्या गाठी बांधल्या जायच्या. माझं काम हिशेबाचं. पण अक्षर बरं होतं म्हणून संचालक मंडळाच्या बैठकीचं इतिवृत्त लिहायलाही मलाच बसवत. अशा रीतीने चार हंगाम मी त्या खोलीच्या कोपऱ्यात, कपाटाला पाठ लावून, बसून काढले. मला मत विचारायचं कारण नव्हतं आणि कुणी विचारलंही नाही. त्यामुळे पाहायला वेळ भरपूर मिळाला.

आप्पाराव संस्थेचे चेअरमन. उंच, काटक, साठीच्या अलीकडचे. धोतर, मांजरपाटाचा सदरा, आणि त्या सदऱ्याची एक गंमत होती. डावी बाही मनगटापर्यंत, बटण लावलेली. उजवी दंडाच्याही वर गुंडाळलेली. लग्नात, तेराव्याला, परभणीला कलेक्टर कचेरीत, कुठंही. त्यांच्या बायको म्हणायच्या, "ह्यांच्या सदऱ्याची एक बाही मी धुतच न्हाई. धुवायला सापडतच न्हाई."

शिक्षण निजामाच्या काळातलं, उर्दू शाळेत. अर्जाला ते दरख्वास्त म्हणत आणि ठरावाला फैसला. मला पहिल्याच दिवशी त्यांनी "वालूरकर" केलं आणि पुढं माझं नाव कधी उच्चारलं नाही.

त्या गुंडाळलेल्या बाहीचं कारण मला दुसऱ्या दिवशी कळलं. सकाळी कचेरीत यायच्या आधी ते आवारात फिरत. प्रत्येक गंजीपाशी थांबत, उजवा हात खांद्यापर्यंत आत खुपसत, डोळे मिटून थोडा वेळ उभे राहत, मग हात काढून त्याचा वास घेत. हातावरच्या केसांना रुईचे तंतू चिकटलेले असत. तसेच ते बैठकीला येत.

"कापूस वरून तापत न्हाई, वालूरकर," ते मला म्हणाले. "वरून कधी बी बघ, थंडगार. वली गाडी एखादी आत गेली की पोटात तापायला लागतो. धूर दिसस्तोवर सगळं संपलेलं असतंय."

वजन वाढावं म्हणून काही लोक कापसावर पाणी मारून आणत. अशी एक गाडी गंजीच्या पोटात गेली की तिच्याबरोबर इतरांच्या पन्नास गाड्या धोक्यात. म्हणून मंडळानं आप्पांच्याच आग्रहावरून ठराव केला होता. पाणी मारलेला कापूस ज्याच्या घरचा सापडेल त्याची आवक त्या हंगामापुरती बंद, आणि त्या घरचा माणूस संस्थेत पदावर असेल तर पदही गेलं. हा ठराव लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

आता आमच्या बैठकीची पूर्वीची रीत सांगतो. उपाध्यक्ष शेषराव हे मोठे बागाईतदार. आवाज भरदार, हात सढळ. बैठकीच्या आदल्या संध्याकाळी त्यांच्या मळ्यात मटणाचं जेवण असे. काय ठरायचं ते रश्श्याबरोबर ठरे, आणि दुसऱ्या दिवशी खोलीत फक्त माना हलत. मी लागलो त्याच साली आप्पा चेअरमन झाले, पण त्यांनी हे जेवण बंद केलं नाही. ते जात, पोटभर जेवत, रश्श्याचं कौतुक करत. पण कुणी संस्थेचा विषय काढला की त्यांना एकदम बैलं आठवत.

"आप्पा, उद्या त्या गाठींच्या नव्या प्रेसचं..."

"शेषराव, तुमचा तो कबरा बैल आता कसा हाय हो? लंगडायलाय का अजून?"

दोन-तीन जेवणं अशी बैलांवर गेली. मग लोकांनी विषय काढणं सोडलं. जेवण मात्र चालू राहिलं.

विषय संपले की बैठक संपत नसे. आप्पा खुर्चीत पुढं सरकत, गुंडाळलेली बाही आणखी एक वळण वर घेत आणि एकेकाचं नाव घेऊन विचारत, "आत काय तापायलंय का?" प्रत्येकाला वेगळं विचारायचं आणि उत्तर येईस्तोवर पुढं सरकायचं नाही. माना खाली घालून बसायची सवय झालेल्या माणसांना हे फार जड गेलं. "न्हाई" म्हटलं की ते तोंडाकडं बघत राहत. शांतता इतकी व्हायची की यंत्रघरातला पट्टा ऐकू येई.

पहिल्यांदा बाहेर आलं ते चहाचं. एका वयस्कर संचालकाला ती शांतता सोसवेना. ते म्हणाले, "आता इतकं इचारायलाव म्हणून सांगतो. चहा लय पाणचट हाय." सगळे हसले. आप्पा हसले नाहीत. मला म्हणाले, "लिही." पुढच्या बैठकीला चहा असा आला की चमचा उभा राहावा. त्या वयस्कर संचालकांनी बशीतला पहिला घोट घेतला आणि सगळ्यांकडं असं पाहिलं, जणू पाझर तलाव मंजूर करून आणलाय. मला वाटतं, सांगितलेलं वाया जात नाही हे मंडळाला त्या चहानं शिकवलं.

त्यानंतर सोपानराव बोलले. सोपानराव वाव्हळे राखीव जागेवरचे संचालक. थोडी कोरडवाहू जमीन, सायकल, आणि मनगटावर एक घड्याळ, ज्याला ते बोलण्याआधी चावी देत. छप्पन साली घरच्यांबरोबर बौद्ध झालेले. त्यांच्या आधी त्या जागेवर जे होते ते दाराशी बसत आणि सांगितलं तिथं सही करत. सोपानरावही दाराशीच बसत. का, म्हणून विचारलं तर म्हणत, "वारा येतो. तुमी पंख्याखाली मरायलाव, मी सुखात हाय."

त्या दिवशी त्यांच्यावर पाळी आली तेव्हा त्यांनी घड्याळाला चावी दिली. "तापायलंय," ते म्हणाले. "निवडणीच्या शेडमधी. रांजण एकच हाय, पण आमच्या बायांना वरून वतून देत्यात. त्यांनी हात लावायचा न्हाई."

कुणीतरी म्हणालं, "मुकादमाला सांगू आपण."

"मुकादमाला सांगून हुतंय व्हय?" सोपानराव म्हणाले. "एक काम करा. ह्या बैठकीचं पाणी त्याच रांजणातून आणा, आणि आणायला आमच्यातलीच बाई येऊ द्या. म्हंजी मला परत बोलायची गरज न्हाई पडायची."

आप्पांनी मला "लिही" म्हटलं आणि मंडळाकडं पाहून विचारलं, "मंजूर?" विरोध करायचा तर काय म्हणून करायचा, हे कुणालाच पटकन सुचलं नाही. पुढच्या बैठकीला रांजणातलं पाणी आलं. आप्पा प्यायले, मी प्यायलो, बाकीचे इकडं तिकडं बघून प्यायले. शेषरावांनी तो सबंध हंगाम घरून तांब्या आणला. आप्पा त्यांना काही बोलले नाहीत. उन्हाळ्यात एकदा शेषराव तांब्या विसरले, आणि तोही प्रश्न मिटला.

आणखी एक आठवण सांगतो, मग मुख्य गोष्टीकडं येतो. आवाराच्या फाटकाशी पत्र्याचा डबा टांगलेला होता. आत येणाऱ्यानं बिडी-काडी त्यात ठेवायची. आप्पा बिडी ओढणारे, त्यामुळे रोज सकाळी त्या डब्यात पहिला बंडल त्यांचा पडे. एकदा जिल्ह्याहून एक साहेब पाहणीला आले. त्यांनी सिगारेटचं पाकीट द्यायला नकार दिला. "मी ओढणार नाही, पण देणारही नाही," म्हणाले. फाटकावर यासीनभाई मुकादम होते. त्यांनी आप्पांकडं पाहिलं. आप्पा म्हणाले, "बिल्कुल बरोबर हाय साहेबांचं. यासीनभाई, सतरंजी आणा." मग फाटकाबाहेर लिंबाखाली सतरंजी पडली आणि पाहणीची बैठक तिथं झाली. शेजारून गाड्या जात होत्या, धूळ चहात पडत होती, एका बैलानं साहेबांच्या टोपीचा वास घेतला. अर्ध्या तासानं साहेब उठले, डब्यापाशी गेले आणि पाकीट टाकून आत आले. यासीनभाई हळूच म्हणाले, "साब, ये डब्बे में चेअरमन का बी है. अच्छी सोहबत में रहेंगा तुमारा पाकीट." साहेबच आधी हसले.

आता ती गोष्ट.

माझा तिसरा हंगाम होता. संक्रांत होऊन गेली होती आणि चार दिवस आभाळ धरून होतं. पूर्वेची गंजी त्या वर्षीची सगळ्यांत मोठी. तीन गावांचा कापूस तिच्यात. त्या गावांचं वर्षच तिच्यात होतं म्हणा ना. बैठक दुपारी सुरू झाली, विषय संपले, आप्पांनी विचारायला सुरुवात केली. शेषराव म्हणाले, "सगळं थंड हाय." बाकीच्यांनीही तसंच सांगितलं. शेवटी सोपानराव. त्यांनी घड्याळाला चावी दिली, आणि चावी पुरी झाल्यावरही बोटं तिथंच ठेवली.

"तापायलंय, आप्पा. तुमच्या समोर सांगू का माघारी?"

"समोर."

"परवाच्या गाड्या. पूर्वेच्या गंजीला टाकल्या त्या. रंगनाथच्या."

रंगनाथ म्हणजे आप्पांचा धाकटा भाऊ. एकत्र कुटुंब, एकच खातं, एकच खळं. आप्पा दोन दिवस कुणाच्या तरी मयताला परगावी होते, तिथून थेट बैठकीलाच आले होते, आणि त्याच दोन दिवसांत तो कापूस येऊन गंजीत गेला होता.

शेषराव उसळले. "सोपानराव, कुणाच्या घराबद्दल बोलायलाव, भान हाय का?"

"भान हाय म्हणून तर इचारलं, समोर का माघारी."

आप्पा उठले. सगळे त्यांच्यामागं पूर्वेच्या गंजीपाशी गेले. आप्पांची बाही वर होतीच. पण ते गंजीपासून चार हात लांब थांबले आणि त्यांनी दोन्ही हात पाठीमागं बांधले. इतक्या दिवसांत गंजीपाशी त्यांचा हात बाहेर राहिलेला मी पहिल्यांदा पाहिला.

"माझा हात आज चालत न्हाई," ते म्हणाले. "तुमी घाला."

शेषराव पुढं झाले. कोपरापर्यंत हात घातला आणि लगेच काढला. "काही न्हाई. थंड हाय."

"कोपरापर्यंत थंडच लागतंय, शेषराव," आप्पा म्हणाले.

सोपानरावांनी घड्याळ काढून माझ्याजवळ दिलं. खांद्यापर्यंत हात घातला, गाल कापसाला टेकला. मग हात काढला आणि तो यासीनभाईंच्या नाकाशी धरला. यासीनभाईंनी वास घेऊन मान हलवली.

"आता फैसला तुमचा," आप्पा म्हणाले. "शेषराव, खुर्चीवर तुमी बसा. माझ्या घरचा विषय हाय, मी आत न्हाई." आणि ते फाटकाबाहेर गेले. डब्यातून आपला बंडल घेतला आणि लिंबाखाली जाऊन बसले.

खोलीत आम्ही परत आलो. शेषराव म्हणाले, "हे बघा. गंजी मोडू, माल वाळवू, विषय संपला. ठरावात चेअरमनच्या घराचं नाव आलं तर संस्थेची अब्रू ऱ्हाते का? उद्या तालुक्यात तोंड दाखवायचं कसं?" दोघा-तिघांनी माना हलवल्या. मला खरं सांगायचं तर त्यांचं म्हणणं अगदीच खोटं वाटत नव्हतं. आप्पांच्या नावावर लोक गाड्या घेऊन येत.

सोपानराव म्हणाले, "गेल्या साली माझ्या चुलत्याची गाडी ह्याच ठरावानं परत पाठवली. साल गेलं त्याचं. पोरं ऊस तोडायला गेली. तवा कुणाची अब्रू गेली, शेषराव?"

"ते येगळं."

"काय येगळं?"

शेषराव माझ्याकडं वळले. "जा, आप्पांना इचारून ये, त्यांचं काय म्हणणं हाय."

मी बाहेर गेलो. आप्पा बिडी ओढत गाड्यांकडं बघत बसले होते. मी निरोप सांगितला.

"सांग त्यांना, मी आत न्हाई."

मी आत येऊन तेच सांगितलं. पुन्हा वाद झाला, आवाज चढले, एकानं राजीनाम्याची भाषा केली. शेषरावांनी मला परत धाडलं. या वेळी निरोप होता, निदान हो की नाही तेवढं तरी सांगा.

आप्पा माझ्याकडं बघून म्हणाले, "वालूरकर, तीन सालं मी त्यांना इचारत आलो. आता ते मलाच इचारायलेत. जा, बस जाऊन. अन् निरोप आणायचं काम बंद कर, तू इतिवृत्त लिहिणारा हायेस."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. काळजी असेल तर ती मला दिसली नाही. पेरणी करून आभाळाकडं न बघणारा शेतकरी मी पाहिलेला नाही, पण त्या दिवशी आप्पा मला तसे वाटले.

मी आत आलो आणि म्हटलं, "ते काही सांगत नाहीत." शेषराव आपल्या हाताकडं बघत होते. रुईचे तंतू त्यांच्या कोपरापर्यंत चिकटले होते, त्याच्या वर सदरा स्वच्छ. समोर दाराशी सोपानराव बसले होते, त्यांचा खांदा पांढरा झाला होता. शेषराव उठले आणि कुणाला न सांगता बाहेर गेले. आम्हाला वाटलं आप्पांकडं गेले. खिडकीतून पाहिलं तर ते गंजीपाशी उभे होते. भरजरी नसला तरी महागाचा सदरा, त्याची बाही काही वर जाईना. मग त्यांनी बाहीसकट हात आत घातला. खांद्यापर्यंत.

परत आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. खुर्चीवर बसून मला म्हणाले, "घे लिहून. गंजी आत्ताच्या आत्ता मोडायची. माल आवारात पसरून वाळवायचा. रंगनाथची आवक हंगामभर बंद. आणि चेअरमन..." इथं ते थांबले. "ठरावात काय हाय ते लिही. मी मांडतो."

"माझं अनुमोदन," सोपानराव म्हणाले.

मी कागद घेऊन लिंबाखाली गेलो आणि आप्पांना वाचून दाखवला. त्यांनी सगळं ऐकलं. आपलं पद गेलं त्या ओळीवर बिडी झटकली, एवढंच. मग विचारलं, "मांडलं कुणी?"

"शेषरावांनी."

"अनुमोदन?"

"सोपानरावांचं."

आप्पा हसले, चांगले दात दिसेपर्यंत. "म्हंजी माझ्याबिगर चालतंय," म्हणाले. "चला, घरी जातो. घरी काय तापायलंय ते अजून बघायचंय."

संध्याकाळपर्यंत गंजी मोडली. पोटातला कापूस पिवळा पडला होता आणि हात लावला तर भाकरीसारखा गरम होता. बाहेर काढला तशी वाफ निघाली. आणखी दोन दिवस गेले असते तर काय झालं असतं याचा हिशेब मी मांडला नाही, मांडायची गरज नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी कापूस पसरायला मजुरांबरोबर एक धोतरवाला माणूस मान खाली घालून राबत होता. तो रंगनाथ. घरात दोघा भावांचं काय बोलणं झालं ते मला माहीत नाही, म्हणून लिहीत नाही.

हंगाम संपल्यावर पद परत घ्या म्हणून मंडळी आप्पांकडं गेली. शेषरावच पुढं होते. आप्पांनी त्यांना जेवायला घातलं आणि बैलांबद्दल बोलत बसले.

पुढच्या दिवाळीनंतर मला परभणीला चांगली नोकरी लागली. संस्थेतला माझा शेवटचा दिवस होता, आणि आप्पांना मी शेवटचं पाहिलं ते त्या दिवशी. फाटकाबाहेर गाड्यांची रांग लागली होती. मधल्या एका गाडीवर आप्पा बसले होते, कासरा हातात धरून, इतर सभासदांसारखे. पुढं जायला कुणीतरी वाट दिली तर त्यांनी घेतली नाही. फाटकाशी आल्यावर बंडल डब्यात टाकला. त्यांच्या पाळीला कापूस तपासायला नवा ग्रेडर होता. हे कोण, ते कुणीतरी त्याच्या कानात सांगितलं असावं. तो घाईनं पुढं झाला, नमस्कार केला, कापसात कोपरापर्यंत हात घालून म्हणाला, "ठीक हाय, आप्पा. जाऊ द्या आत."

आप्पा गाडीवरून खाली उतरले. त्यांनी त्याचा हात धरला, त्याच्या सदऱ्याचं बटण सोडलं आणि मागं रांग खोळंबलेली असताना, सावकाश, एकेक वळण नीट घालत, त्याची बाही खांद्यापर्यंत गुंडाळून दिली.

"आता घाल," म्हणाले.